डिंकी, कॉर्गी की मॅचबॉक्स? जुन्या ब्रिटिश खेळण्यातल्या मोटारींचा संग्रह सुरू करणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या, धातूच्या खेळण्यातल्या मोटारी जमवायच्या असे ज्याने मनावर घेतले आहे, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी तीन नावे उभी राहतात : डिंकी, कॉर्गी आणि मॅचबॉक्स. या तिन्हींच्या मागे एकाच वेळी लागणारे बरेच जण मी पाहिले आहेत. वर्षा-दोन वर्षांत त्यांचे कपाट भरते, पण त्याला संग्रह म्हणावे असे रूप काही येत नाही. पैसा, जागा आणि उसंत या तिन्हींना मर्यादा असतात, म्हणून सुरुवात एकाच नावाने करावी असे माझे ठाम मत आहे. ते नाव ठरवायला किमतींच्या याद्या फारशा उपयोगी पडत नाहीत. हे तीन कारखाने मुळात कशासाठी उभे राहिले आणि कोणत्या गरजेपोटी त्यांना मोटारी सुचल्या, हे समजून घेतले तर निवड पुष्कळ सोपी होते, कारण त्या गरजेचा ठसा प्रत्येक मोटारीवर आजही दिसतो.

तिन्हींची घडण मात्र एकाच पद्धतीची आहे. जस्तात थोडे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळून केलेला मिश्रधातू, ज्याला ब्रिटनमध्ये मझाक म्हणतात, वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरायचा, क्षणात थिजला की सुटा करायचा, कडा साफ करायच्या, रंग द्यायचा आणि चाके बसवून खालचा तळपत्रा रिव्हेटने पक्का करायचा, एवढी ती कृती. पोलादी साचा करायला महिनोन्‌महिने लागतात आणि खर्चही मोठा येतो, पण एकदा तो झाला की त्यातून लाखो नग हुबेहूब एकसारखे निघतात. त्यामुळे कोणत्या मोटारीचा साचा करायचा, हा या धंद्यातला सर्वांत महागडा निर्णय असे, आणि तो निर्णय तीन कारखान्यांनी तीन वेगवेगळ्या दृष्टींनी घेतला.

डिंकी : आगगाडीच्या फलाटावरून आलेली

डिंकीचा जन्म मोटारीसाठी झालाच नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या जोडखेळाचे पेटंट घेतले आणि त्यातूनच पुढे मेकॅनो हे नाव जगभर गेले. १९२० पासून त्यांची कंपनी खेळण्यातल्या आगगाड्याही करू लागली. या आगगाड्यांच्या स्टेशनांवर उभी करायला हमाल, गार्ड, प्रवासी अशी छोटी माणसे १९३१ साली ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने बाजारात आली, आणि १९३३ च्या अखेरीस त्याच मालिकेत २२ क्रमांकाचा सहा वाहनांचा एक संच दाखल झाला. स्टेशनाबाहेर मोटारी उभ्या असतात, म्हणून त्या केल्या, इतकेच त्यामागचे कारण होते. १९३४ साली या वाहनांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. बोली इंग्रजीत ‘डिंकी’ म्हणजे चिमुकले आणि नीटनेटके. दोनच वर्षांनी, १९३६ साली हॉर्नबी वारले, पण लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना डिंकी पुढे १९७९ पर्यंत, म्हणजे एकूण सुमारे पंचेचाळीस वर्षे काढत राहिला.

देखाव्याचा भाग म्हणून जन्मलेली ही मोटार पाहण्यासाठीच केलेली आहे. युद्धानंतरच्या दहा-बारा वर्षांतली डिंकी हातात घेतली तर तिच्यात फिरणारे काय, तर फक्त चाके. दारे उघडत नाहीत, खिडक्यांना काच नाही, आत आसनेही नाहीत. पण बाह्याकृती इतकी अचूक पकडलेली असते की टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही गाडी ओळखू यावी. १९४८ साली आलेली स्टँडर्ड व्हॅनगार्ड घ्या : पाठीचा तो एकसलग उतार, गुबगुबीत मडगार्ड, पुढच्या जाळीवर आणि दिव्यांवर तेवढाच रुपेरी रंग, आणि उलटी केली की काळ्या तळपत्र्यावर उठावाच्या अक्षरांत गाडीचे नाव. चार इंचांहूनही कमी लांबीच्या त्या ओतीव ठोकळ्यात ब्रिटनमधला युद्धोत्तर काळ गोठून राहिल्यासारखा वाटतो. मॉरिस ऑक्सफर्ड, ऑस्टिन डेव्हन, रायली ही तिची भावंडे त्याच घडणीची आहेत. मोठ्या वाहनांसाठी १९४७ पासून ‘सुपरटॉइज’ नावाची वेगळी मालिका होती आणि तिच्यातल्या गाय कंपनीच्या बंद व्हॅन, ज्यांच्या बाजूंवर स्लम्बरलँड गाद्यांची किंवा वीटाबिक्सची जाहिरात रंगवलेली असे, त्या आजही लिलावांत संग्राहकांना खेचून आणतात.

आपल्याकडच्या वाचकाला या मोटारी परक्या वाटत नाहीत, याला कारण आहे. हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांचा वंश मॉरिस ऑक्सफर्डपर्यंत जातो. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने व्हॅनगार्ड आपल्याकडे जोडली आणि १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड रस्त्यावर आणली, तीच ट्रायम्फ हेराल्ड डिंकीने १९५९ साली, खऱ्या गाडीच्या पदार्पणाबरोबरच, काढली होती. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातली हेराल्ड होती, त्यांना संग्रहाचा पहिला धागा इथेच सापडेल.

डिंकीचा विचार करणाऱ्याने एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, आणि तिच्यासाठी मी मुद्दाम थोडी जागा घेतो. युद्धापूर्वीच्या अनेक डिंकी आतून मरत आहेत. त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्धींचा अंश राहून जाई. तो अंश नगण्य असला तरी धातूच्या कणांमधल्या सांध्यांवर हळूहळू झीज सुरू होते. रंगाखाली आधी केसाएवढी चीर दिसते, मग पृष्ठभाग फुगतो, गाडी किंचित लांबते आणि वाकते, आणि शेवटी नुसते बोट लागले तरी तुकडे पडतात. संग्राहक याला धातूचा थकवा म्हणतात, पण तो वापराने आलेला नसतो. जन्मापासूनचा असतो आणि त्यावर उपाय नाही. उष्णता आणि दमट हवा त्याला वेग देतात. म्हणजे मुंबई, कोकण किंवा गोवा इथल्या संग्राहकासाठी युद्धपूर्व डिंकी ही सर्वांत जोखमीची खरेदी होय. घ्यायचीच असेल तर भिंगाखाली चाके, मडगार्डच्या कडा आणि छताचे खांब तपासावेत, गाडी सपाट काचेवर ठेवून चारही चाके टेकतात का ते पाहावे, आणि रंग मूळचा असूनही त्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. युद्धानंतर धातूच्या शुद्धतेवर अधिक लक्ष दिले गेल्याने १९४६ नंतरच्या मोटारींत हा रोग क्वचितच आढळतो, त्यामुळे नवख्याने त्याआधीच्या मोटारींकडे वळू नये हेच बरे.

कॉर्गी : उशिरा आलेली, म्हणून हुशार

डिंकीला बाजारात येऊन बावीस वर्षे झाली होती, तेव्हा कॉर्गी आली. तिच्यामागची मेटॉय कंपनी १९३३ साली नॉर्दॅम्प्टनमध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक फिलिप उल्मान हे जर्मनीतले खेळण्यांचे कारखानदार. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला, आणि आर्थर कॅट्झ यांच्या साथीने त्यांनी इंग्लंडमध्ये छापील पत्र्याची खेळणी करण्याचा धंदा नव्याने उभा केला. युद्धानंतर वेल्समधल्या स्वान्सीजवळ त्यांचा मोठा कारखाना झाला, आणि जुलै १९५६ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या मोटारींना वेल्सच्याच आखूड पायांच्या कुत्र्याचे नाव दिले गेले.

डिंकीची मक्तेदारी मोडायची तर नुसती चांगली मोटार करून भागणार नव्हते. डिंकीत नाही असे काहीतरी प्रत्येक मोटारीत असायला हवे होते. पहिल्याच खेपेला कॉर्गीने प्लॅस्टिकच्या पारदर्शक खिडक्या बसवल्या आणि ‘खिडक्या असलेल्या मोटारी’ हीच आपली जाहिरात केली. डिंकीला तिथपर्यंत पोहोचायला १९५८ उजाडले. तोवर कॉर्गी पुढे निघून गेली होती : १९५९ साली चाकांना स्प्रिंगचा आधार, १९६० साली ॲस्टन मार्टिन डीबी४ ला उघडणारे बोनेट, १९६१ च्या बेंटलीला रत्नासारखे चमकणारे दिवे, आणि साठचे दशक संपता संपता खोट्या जॅकवर उभी करून चाके सुटी करता येतील अशा मोटारी. मार्सेल व्हॅन क्लिम्पट हे तिथले मुख्य आरेखक होते, आणि त्यांच्या हाताखालचे काम पाहिले की वाटते, या माणसांना मोटारीच्या आकारापेक्षा ती काय करू शकेल याचेच वेड होते.

त्या वेडाचा कळस म्हणजे ऑक्टोबर १९६५ मधली २६१ क्रमांकाची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी५. कॉर्गीने यासाठी नवा साचा पहिल्यापासून केला नाही. डीबी४ च्याच साच्यात फेरफार करून ती उभी केली. एक खटका दाबला की मशीनगनच्या नळ्या बाहेर सरकतात, मागचा धुराड्याचा नळ दाबला की डिकीतून गोळीरोधक पत्रा वर येतो, आणि दाराखालचा बारीकसा खटका दाबताच छताचा तुकडा उघडून शेजारी बसलेला बदमाश आसनासकट वर फेकला जातो. पडद्यावरची गाडी रुपेरी होती, पण रुपेरी रंगात खेळणे रंग न दिलेल्या धातूसारखे दिसेल अशा विचाराने ती सोनेरी केली गेली. त्या वर्षीचा ब्रिटनमधला सर्वोत्तम खेळण्याचा मान तिला मिळाला आणि काही वर्षांतच तिचे वीस लाखांहून अधिक नग खपले. १९६६ साली आलेली बॅटमोबील, जिच्या मागच्या नळ्यांतून प्लॅस्टिकची रॉकेटे उडतात आणि पुढच्या टोकातून साखळी कापायची करवत बाहेर येते, ती त्याच परंपरेतली.

ॲस्टन मार्टिनचा तो खटका मी पहिल्यांदा दाबला तेव्हा जो आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे : आधी छताची बारीक टिचकी आणि लगेच टेबलावर पडलेल्या दीड सेंटिमीटरच्या माणसाची टणटण. कॉर्गी का घ्यावी याचे उत्तर त्या आवाजात आहे, आणि कॉर्गी जपून का घ्यावी याचेही. कारण तो माणूस हरवतो. सोबतचा जादा माणूस, गुप्त सूचनांचे पाकीट आणि छातीवर लावायचा बिल्ला तर त्याहून आधी हरवतात. रॉकेटे हरवतात, दिव्यांचे खडे निखळतात, स्प्रिंगची पट्टी थकते आणि गाडी एका बाजूला झुकते, उघडणाऱ्या दाराची बिजागरी झिजून दार लोंबकळते. डिंकीचा रंग उडाला तरी डिंकी पूर्ण असते. कॉर्गीचा एक काडीएवढा भाग गेला की ती अपुरी ठरते, आणि किमतीत मोठी तफावत पडते. बाजारात या सुट्या भागांच्या नव्या नकला सहज मिळतात. त्या लावण्यात गैर काही नाही, पण विकत घेताना काय मूळचे आणि काय नंतरचे हे विचारलेच पाहिजे.

बाँडच्या गाडीबाबत आणखी एक गोंधळ नेहमी होतो. १९६८ साली आलेली २७० क्रमांकाची गाडी रुपेरी आहे आणि तिला फिरत्या नंबरपाट्या व टायर फाडायची पाती आहेत. १९७८ सालची २७१ क्रमांकाची गाडी आकाराने मोठी आहे. तिन्ही खऱ्याच आहेत, फक्त तीन वेगळ्या वस्तू आहेत. सोनेरी आहे म्हणून ती १९६५ चीच, असेही समजू नये, कारण पुढे वर्धापनदिनांच्या निमित्ताने तशाच सोनेरी आवृत्त्या पुन्हा निघाल्या.

मॅचबॉक्स : खिशात मावणारी

लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ हे शाळेपासूनचे मित्र. आडनाव एकच असले तरी नात्यातले नव्हेत. दोघेही युद्धात नौदलात होते. १९४७ मध्ये त्यांनी आपापल्या नावांचे तुकडे जोडून लेस्नी प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅम भागात ‘रायफलमन’ नावाच्या एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यात ओतकामाची यंत्रे मांडली. काम होते कारखान्यांना लागणारे धातूचे किरकोळ सुटे भाग करून देण्याचे. वर्षअखेरीस मालसाठ्यावरचा कर चुकवायला गिऱ्हाईक कंपन्या मागणी थांबवत, आणि त्या रिकाम्या आठवड्यांत यंत्रे चालू राहावीत म्हणून लेस्नीने खेळणी करून पाहिली. १९४८ साली पहिला आला तो रस्ता दाबायचा रोलर. साच्यांची जबाबदारी होती जॅक ओडेल यांच्याकडे; शिक्षण फारसे नसलेला, पण धातूची विलक्षण जाण असलेला हा माणूस पुढे या कंपनीचा प्राण ठरला. रॉडनी स्मिथ १९५१ मध्ये बाहेर पडले. १९५३ मधल्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकासाठी केलेल्या छोट्या शाही रथाचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले आणि लहान वस्तूला किती मोठी बाजारपेठ आहे हे लेस्नीच्या ध्यानात आले.

त्याच सुमारास ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत असा नियम होता की घरून आणलेले खेळणे काड्यापेटीत मावले पाहिजे. ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा एक इवलासा रोलर घडवला, वर्गातल्या सगळ्याच मुलांना तो हवासा झाला, आणि १९५३ मध्ये काड्यापेटीच्या रूपाच्या खोक्यातून ‘मॅचबॉक्स’ मालिका बाजारात आली. रोलर, डंपर आणि सिमेंट मिक्सर ही पहिली तीन वाहने. किंमत दीड शिलिंगाच्या आसपास, म्हणजे मुलाने खाऊच्या पैशांतून घ्यावी अशी. डिंकी वाढदिवसाला मिळे; मॅचबॉक्स शनिवारी स्वतः जाऊन आणता येई. पुढे क्रमांक १ ते ७५ अशी कायमची चौकट ठरली, जुने मॉडेल गेले की त्याच क्रमांकावर नवे येई, आणि जुन्या काळच्या वाहनांसाठी १९५६ पासून ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ ही वेगळी मालिका निघाली.

माझ्या टेबलावर आत्ता पाच क्रमांकाची लंडनची लाल दुमजली बस आहे. लांबी जेमतेम दोन इंच. बाजूवर मॅचबॉक्स घेण्याचा आग्रह करणारी जाहिरातीची पट्टी, तीही निम्मी खरवडलेली. उलटी केली की ‘मेड इन इंग्लंड बाय लेस्नी’ ही अक्षरे इतकी बारीक पण इतकी स्वच्छ, की ज्याने हा साचा कोरला त्याच्या हाताला नमस्कार करावासा वाटतो. धातूच्या चाकांमधून गेलेल्या आसाची टोके दाबून चपटी केलेली आहेत. हीच टोके पुढच्या नगांत गोल टोपीसारखी झाली. चाके आधी धातूची, मग करड्या प्लॅस्टिकची, मग काळ्या. नवख्याला हे तपशील क्षुल्लक वाटतात, पण मॅचबॉक्सच्या संग्रहाचा सगळा रस इथेच आहे : एकच वाहन, पण चाक, रंगाची छटा, आसाचे टोक आणि खोक्यावरची अक्षरे यांवरून त्याचे वर्ष ओळखायचे. मुंबईत वाढलेल्या माणसाला ही बस पाहून बेस्टची आठवण होणार हेही उघड आहे. १९३७ पासून शहरात धावलेल्या त्या लाल दुमजली गाड्या लंडनच्याच घाटाच्या होत्या.

शेजारी शेजारी ठेवून पाहताना

आकाराचा विचार केला तर डिंकी आणि कॉर्गी या जवळपास सारख्याच, खऱ्या गाडीच्या साधारण पंचेचाळिसाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे या दोन्ही एकाच फळीवर विजोड दिसत नाहीत. मॅचबॉक्सला मात्र प्रमाणाशी देणेघेणे नव्हते; खोके ठरलेले, वाहन त्यात मावले पाहिजे, म्हणून तिथे मोटार आणि बस जवळजवळ एकाच लांबीच्या निघतात. ज्याला प्रमाणाची शिस्त हवी त्याला हे खटकेल. पण दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याने हेही पाहावे की ज्या फळीवर वीस डिंकी बसतात, तिथे मॅचबॉक्सची पाऊण मालिका मांडता येते.

खोक्यांचे गणित तिघांचे निराळे आहे. डिंकीच्या साध्या मोटारी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दुकानदाराकडे सहा-सहाच्या मोठ्या खोक्यात येत आणि सुट्या विकल्या जात. प्रत्येक मोटारीला स्वतःचे खोके त्यानंतर मिळू लागले. सबब, चाळीसच्या दशकातल्या छोट्या डिंकीबरोबर कोणी तिचे ‘मूळ’ स्वतंत्र खोके दाखवू लागला तर सावध व्हावे. कॉर्गीला पहिल्या दिवसापासून खोके होते, आधी निळे आणि नंतर निळे-पिवळे. मॅचबॉक्सचे खोके तर नावातच आहे, आणि खोक्याविना मॅचबॉक्स संग्राहकाला थोडी पोरकी वाटते. तिन्हींच्या खोक्यांच्या आजच्या छापील नकला सर्रास मिळतात. मी स्वतः एकदा गाडीपेक्षा खोक्याला जास्त पैसे मोजले आणि घरी आल्यावर कळले की पुठ्ठा आतून पांढराशुभ्र आहे. साठ वर्षांचा पुठ्ठा आतून इतका कोरा राहत नाही.

पुन्हा रंगवलेली मोटार ओळखायची खूण तिन्हींना सारखीच : रिव्हेट. कारखान्यातून आलेल्या गाडीचे रिव्हेट अखंड असतात. ड्रिलने पोखरून पुन्हा बसवलेले किंवा स्क्रूने जोडलेले दिसले की गाडी उघडली गेली आहे असे समजावे. उठावाच्या अक्षरांवर रंगाचा जाड थर साचलेला असला तरी तोच अर्थ. अलीकडच्या काळात अ‍ॅटलस एडिशन्सने जुन्या डिंकींच्या अतिशय देखण्या प्रती चीनमध्ये करवून घेतल्या. जुनी मोटार म्हणून त्या गळ्यात पडू नयेत यासाठी तळपत्रा वाचण्याची सवय लावावी.

कोणत्या वर्षांपुरते थांबायचे, हा प्रश्नही तिघांबाबत वेगळा सुटतो. १९६८ साली अमेरिकेत हॉट व्हील्स आली आणि तिच्या सुळ्ळकन धावणाऱ्या चाकांनी साऱ्यांचीच झोप उडवली. लेस्नीने १९६९ पासून जाड आस काढून बारीक तारेच्या आसावर ‘सुपरफास्ट’ चाके बसवली, कॉर्गीने ‘व्हिझव्हील्स’ आणल्या. मुलांसाठी ते योग्यच होते, पण साठच्या दशकातल्या रेखीव बांध्याच्या गाडीखाली ती रुंद झगझगीत चाके आली आणि तिचा डौल गेला, असे माझे मत आहे. डिंकी त्या काळात टीव्हीवरच्या मालिकांकडे वळली आणि थंडरबर्ड २ किंवा एफएबी १ सारखी तिची वाहने आज स्वतंत्र संग्रहाचा विषय आहेत. पुढचे सारे भराभर घडले : डिंकी काढणारी मेकॅनो कंपनी १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सकडे आणि ती कंपनी कोसळल्यावर एअरफिक्सकडे गेली, आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला, जून १९८२ मध्ये लेस्नी बुडाली आणि मॅचबॉक्सचे नाव हाँगकाँगच्या युनिव्हर्सल कंपनीने घेतले, ऑक्टोबर १९८३ मध्ये मेटॉयवरही तीच पाळी आली. चार वर्षांच्या आत तिन्ही दिवे मालवले. ओडेल यांनी मात्र आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून लेडो ही कंपनी काढली आणि ओतकाम चालू ठेवले. कॉर्गीचे नाव बरेच हात फिरून २००८ साली हॉर्नबी कंपनीकडे आले, म्हणजे ज्या हॉर्नबींच्या डिंकीशी झुंजायला ती जन्मली होती, त्यांच्याच नावाखाली.

मग कोणी काय घ्यावे

ज्याला एका विशिष्ट काळाच्या रस्त्याचे रूप समोर हवे आहे, गाडीला हात न लावता पाहत बसण्यात ज्याला आनंद आहे आणि वर्षातून चार-पाचच चांगले नग घ्यायची ज्याची तयारी आहे, त्याने १९४७ ते १९५८ मधली डिंकी घ्यावी. ज्याला यंत्राची करामत आवडते, जो दार उघडून, बोनेट उचलून, खटका दाबून पाहणारच, आणि हरवलेल्या भागांचा माग काढणे ज्याला कटकट न वाटता खेळ वाटतो, त्याने १९५९ ते १९६९ मधली कॉर्गी घ्यावी. मात्र सुरुवात बाँडच्या गाडीने न करता एखाद्या साध्या हिलमन किंवा रोव्हरने करावी, म्हणजे डोळा तयार होईपर्यंत चूक झाली तरी ती परवडते.

बाकी सर्वांना, म्हणजे ज्यांना अजून स्वतःची आवड पुरती कळलेली नाही त्यांना, मी जाड आसाची लेस्नीची मॅचबॉक्स सुचवेन, १९५३ ते १९६९ मधली. तिच्यात तुटण्यासारखे फारसे काही नाही, खेळून झिजलेला नग आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतो, टपालाने मागवायला हलकी पडते आणि ७५ क्रमांकांची चौकट असल्याने कुठवर आलो ते कळत राहते. आपल्याकडे जुन्या बाजारांत डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याला तिघींपैकी तीच जास्त भेटते, कारण परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत कोपऱ्यात मावणारी तीच होती.

ज्याला ब्रिटिश मोटारीतही भारताचा धागा हवा आहे, त्याने एक चौथे नाव टिपून ठेवावे : निकी टॉइज. डिंकीचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला आले आणि त्यांतून या नावाने मोटारी निघाल्या. ओतकाम डिंकीइतके साफ नाही, रंगही जाडाभरडा आहे, पण साचा तोच, लिव्हरपूलच्या हाताने कोरलेला. परदेशी संग्राहक तिच्या मागे आहेत, आणि ती आपल्या देशातल्या माळ्यांवर, ट्रंकांत, जुन्या खेळण्यांच्या डब्यांत पडून असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तेव्हा कोणत्याही नावावर पैसे खर्च करण्याआधी घरातला माळा एकदा उतरवून पाहावा, आणि धातूची मोटार हाताला लागली तर धुण्यापुसण्याच्या आधी तिचा तळपत्रा उजेडात धरून वाचावा.